साधी मजकूर फाइल, पन्नास क्लायंट आणि दर महिन्याच्या तारखा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही नाशिकला करसल्लागार आहात, पन्नासेक क्लायंट, हाताखाली एक मदतनीस मुलगी. कामांच्या याद्यांसाठी तीन ॲप वापरून झाली. एक बंद पडलं, दुसऱ्याने फुकटातल्या सोयी काढून घेतल्या, तिसऱ्यात इतकी बटणं की यादी लावण्यातच सकाळ जाते. आता कुणीतरी सुचवलंय की सगळं एका साध्या मजकूर फाइलमध्ये ठेवा. हे जमेल का, मराठीत लिहिता येईल का, फोनवर चालेल का, मदतनिसाबरोबर वाटून घेता येईल का, आणि जुन्या ॲपमधली कामं आणायची का?

जमेल. मराठीत चालेल, फोनवरही चालेल. वाटून घेण्याबाबत मात्र माझं उत्तर 'नको' असं आहे, त्याचं कारण पुढे येईलच. तुमच्या कामात खरी मेख वेगळीच आहे: दर महिन्याला परत येणारी कामं. ती यादीत कशी ठेवायची हे आधी ठरवलं नाही, तर दुसऱ्या महिन्यातच फाइल उघडायचा कंटाळा येईल. म्हणून उत्तराचा मोठा भाग त्यावरच खर्च करतोय.

आधी ही पद्धत काय आहे ते. मजकूर फाइलमध्ये कामं लिहिण्याचे प्रकार पुष्कळ आहेत. ऑर्ग-मोड २००३ पासून आहे, अफाट ताकदीचा आहे, पण त्यासाठी ईमॅक्स हा मजकूर संपादक शिकावा लागतो; रिटर्नच्या हंगामात तो उद्योग तुम्हाला कुणी सांगू नये. टास्कपेपर सुंदर आहे, पण मॅकवाल्यांसाठी. तुमच्या कामाचा आहे तो टूडू डॉट टीएक्सटी. लाइफहॅकर या संकेतस्थळाची संस्थापक जिना ट्रपानी हिने २००६ मध्ये टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चालणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि तिच्यासोबत ओळ कशी लिहायची याचे नियम ठरवून दिले. स्क्रिप्ट आजही चालते, पण टिकले ते खरं तर नियम. त्यांच्यावर पुढे कितीतरी लोकांनी आपापली ॲप बांधली, आणि ती सगळी तीच एक फाइल वाचतात.

नियम एका परिच्छेदात मावतात. एक ओळ म्हणजे एक काम. महत्त्वाचं असेल तर ओळीच्या अगदी सुरुवातीला कंसात एक मोठं इंग्रजी अक्षर, ए पासून झेड पर्यंत, आणि मग एक मोकळी जागा. त्यानंतर हवी तर काम लिहिल्याची तारीख. मग काम. कामात कुठेही अधिकचं चिन्ह लावून प्रकल्प आणि ॲटचं चिन्ह लावून संदर्भ लिहायचा, म्हणजे ते काम कुठे, कशावर किंवा कुणामुळे होणार ते. काम झालं की ओळीच्या सुरुवातीला लहान इंग्रजी एक्स, मोकळी जागा आणि झाल्याची तारीख. संपले नियम. खाली नमुना देतो. इंग्रजी अक्षरं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत, फाइलमध्ये ती रोमन ठेवायची.

(ए) 2026-07-06 जूनची विक्री बिलं मागवणे +हार्डवेअर @फोन ड्यू:2026-07-08
(बी) 2026-07-06 न जुळलेल्या क्रेडिटबद्दल पुरवठादाराला मेल करणे +मेडिकल @मेल
2026-07-04 ठरावाची सही केलेली प्रत येणे +ट्रस्ट @वाट
एक्स 2026-07-06 2026-07-01 टीडीएसची वजावट तपासणे +बिल्डर

शेवटच्या ओळीत दोन तारखा आहेत: पहिली काम झाल्याची, दुसरी लिहिल्याची. हा क्रम उलटा केलात तर ॲप तक्रार करणार नाही, पण चुकीचं वाचेल. 'ड्यू' मात्र मूळ नियमांत सक्तीचं नाही, तिथे ते फक्त उदाहरण म्हणून येतं. नियम एवढंच म्हणतात की कोलनच्या डावीकडे नाव आणि उजवीकडे किंमत असं काहीही ओळीत जोडायला मुभा आहे. मुदतीसाठी 'ड्यू' वापरायची रीत पडली आणि जवळपास सगळी ॲप ती मानतात.

तारखेचा साचा वर्ष-महिना-दिवस असाच ठेवा. आपल्याला ०६/०७/२०२६ लिहायची सवय आहे, पण ओळी अक्षरानुसार लावल्या की वर्ष पुढे असलेल्या तारखा आपोआप कालक्रमाने लागतात. दिवस पुढे असेल तर सगळ्या महिन्यांच्या सहा तारखा एका ठिकाणी गोळा होतात. आणि फाइलमधल्या तारखांचे आकडे इंग्रजीच हवेत. देवनागरी आकड्यांत लिहिलेली तारीख माणसाला कळते, ॲपला कळत नाही, आणि ते काम मुदतीच्या यादीत दिसतच नाही.

आता तुमची मेख. पन्नास क्लायंट. मासिक रिटर्नवाल्यांचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, दर महिन्याच्या ११ तारखेला; ३बी, म्हणजे कर भरण्याचं सारांश रिटर्न, २० तारखेला. तिमाहीवाल्यांचं जीएसटीआर-१ तिमाहीनंतरच्या १३ तारखेला, ३बी महाराष्ट्रात २२ ला, आणि तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांचा भरणा पुढच्या महिन्याच्या २५ ला. टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कापलेल्या कराचा, भरणा ७ तारखेला, फक्त मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. आगाऊ कराचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. हे मी तुम्हाला सांगायला नको. मुद्दा असा की प्रत्येक क्लायंटची प्रत्येक तारीख एक ओळ म्हणून लिहायला बसलात, तर सगळ्यांना सगळं लागू नसलं तरी महिन्याला शंभरावर ओळी होतात. त्या सगळ्या एकसारख्या दिसतात. आणि एकसारख्या ओळींच्या गर्दीत 'नोटिशीला उत्तर देणे' ही खरी तातडीची ओळ डोळ्याला दिसेनाशी होते. ॲप बदलून हे सुटत नाही. मला दाट शंका आहे की तिसऱ्या ॲपमध्ये तुमची सकाळ जाते ती बटणांमुळे कमी आणि या ओळींमुळे जास्त.

माझा सल्ला: कोणाचं काय कुठवर आलंय हे यादीत ठेवूच नका. ते नोंदवहीचं काम आहे. एक्सेलमध्ये किंवा गूगल शीटमध्ये महिन्याचं एक पान करा. आडव्या ओळीत क्लायंट, उभ्या रकान्यांत टप्पे: बिलं आली, नोंदी झाल्या, जीएसटीआर-१, चलन, ३बी. चौकोन भरला म्हणजे टप्पा झाला. पन्नास क्लायंटची स्थिती एका नजरेत दिसते, आणि हे कुठलीही कामांची यादी तुम्हाला दाखवू शकत नाही, मग ती फुकट असो की महागडी.

मजकूर फाइलमध्ये त्या नोंदवहीतून फक्त दोन गोष्टी येतात. पहिली, त्या मुदतीची एकच ओळ: 'जीएसटीआर-१ साठी नोंदवहीतले रिकामे चौकोन बघणे', मुदत ८ तारखेची. मुद्दाम ११ ची नाही. ११ ला बघून उपयोग काय? दुसरी गोष्ट म्हणजे अडलेली कामं. पन्नासातल्या चाळीसजणांचं काम ठरल्या वाटेने होतं. उरलेल्यांपैकी कुणाची बिलं येत नाहीत, कुणाचं खरेदीवरच्या कराचं क्रेडिट जुळत नाही, कुणाची डिजिटल सही संपलेली असते. ही अडलेली कामं म्हणजेच तुमची खरी यादी. ती वीस-पंचवीस ओळींच्या वर सहसा जात नाही.

परत येणाऱ्या ओळींसाठी काही ॲपमध्ये 'रेक' नावाची सोय आहे. 'ड्यू'सारखीच कोलन लावून लिहायची, एक महिना असं सांगायचं, आणि काम झाल्यावर ॲप पुढच्या महिन्याची ओळ स्वतः तयार करतं. यात एक बारकावा आहे. आकड्याआधी अधिकचं चिन्ह नसेल तर पुढची तारीख काम केलेल्या दिवसापासून मोजली जाते. ८ ची तपासणी ५ लाच उरकलीत, तर पुढची ५ ला येते, तिच्या पुढची त्याहून अलीकडे, आणि वर्षाअखेरीस तारीख कुठल्या कुठे सरकलेली असते. अधिकचं चिन्ह असेल तर मूळ मुदतीपासून मोजतात, म्हणून तुमच्या कामाला तेच लागेल. पण तरीही गोची आहे. समजा एखाद्या महिन्यात मुदतवाढ मिळाली आणि तुम्ही ओळीतली तारीख २५ केली, तर पुढच्या महिन्याची ओळही २५ चीच तयार होणार. आपल्याकडे मुदतवाढी किती येतात ते तुम्ही जाणताच.

म्हणून मी स्वतः 'रेक' वापरत नाही. त्याच फोल्डरमध्ये 'ठराविक' नावाची आणखी एक मजकूर फाइल ठेवा. तिच्यात महिन्याच्या सगळ्या परत येणाऱ्या ओळी एकदाच नीट लिहून ठेवा, महिन्याच्या जागी काहीतरी खूण ठेवून, समजा दोन चांदण्या. एक तारखेला त्या ओळी कॉपी करायच्या, 'शोधा आणि बदला'ने चांदण्यांच्या जागी वर्ष-महिना घालायचा, आणि मुख्य फाइलमध्ये चिकटवायच्या. पाच मिनिटांचं काम. मुदतवाढ आली तर त्या महिन्याची एक ओळ बदलते, साचा तसाच राहतो. तिमाहीच्या ओळी त्याच फाइलमध्ये खाली वेगळ्या ठेवा. शिवाय या पाच मिनिटांत प्रत्येक ओळीवरून नजर फिरते; आपोआप उगवलेल्या ओळी माणूस वाचत नाही.

ओळ लिहिण्याबद्दल थोडं. '+हार्डवेअर जीएसटी' ही ओळ नाही, तो मथळा आहे. सकाळी ती वाचल्यावर तुम्हाला परत विचार करावा लागतो की नेमकं काय करायचं होतं, आणि विचार करावा लागला की माणूस पुढच्या ओळीवर सरकतो. शेवटी 'मागवणे', 'पाठवणे', 'तपासणे' असं क्रियापद आलं पाहिजे, आणि ते काम एका बैठकीत उरकणारं पाहिजे. 'ऑडिट पूर्ण करणे' हे उरकत नाही. 'स्थावर मालमत्तेच्या यादीत या वर्षीच्या खरेदीची बिलं लावणे' हे उरकतं. पुढचं पाऊल तेवढंच लिहा. त्याच्या पुढचं ते झाल्यावर.

संदर्भांबद्दल बहुतेक मार्गदर्शनं जुनी झालेली आहेत. घर, ऑफिस, संगणक अशी विभागणी ज्या काळात ठरली तेव्हा मेल बघायला संगणकापाशी जावं लागे. आज तुमची नव्वद टक्के कामं लॅपटॉपवरच होणार असतील तर '@लॅपटॉप' लिहून काही वेगळं निघत नाही. मी तुमच्या जागी चारच ठेवले असते. '@फोन', कारण दोन मीटिंगच्या मधल्या दहा मिनिटांत चार फोन उरकतात. '@पोर्टल', कारण ती कामं मुदतीच्या दिवशी दुपारी करायची नसतात, सकाळी लवकर एकगठ्ठा करायची असतात. '@बाहेर', बँक, सही, कार्यालयाच्या फेऱ्या. आणि '@वाट'.

हा शेवटचा सगळ्यात कामाचा. करसल्लागाराचं निम्मं काम दुसऱ्याकडून काहीतरी येण्यावर अडलेलं असतं. बिलं मागवली की ती ओळ झाली म्हणून खोडायची आणि लगेच दुसरी लिहायची: 'जूनची बिलं येणे +हार्डवेअर @वाट', आजच्या तारखेसह. दर दोन दिवसांनी फक्त '@वाट' शोधा. ओळीच्या सुरुवातीला तारीख आहे, त्यामुळे कोण किती दिवस लोंबकळत ठेवतोय ते समोर दिसतं, आणि फोनवर 'मी तुम्हाला एक तारखेला मागितली होती' असं ठामपणे म्हणता येतं. काम लिहिल्याची तारीख घालायला बरेचजण कंटाळतात. एवढ्यासाठी तरी कंटाळू नका. बहुतेक ॲपमध्ये ती आपोआप घालायची सोय सेटिंगमध्ये असते.

महत्त्व दाखवणारी अक्षरं जपून वापरा. ए, बी आणि बाकी सगळं बिनअक्षराचं, एवढं पुरतं. ए म्हणजे आज झालं नाही तर दंड किंवा शिव्या. रोज सकाळी पाचपेक्षा जास्त ए दिसत असतील तर अक्षराला अर्थ उरलेला नाही. कंस ओळीच्या पहिल्याच जागी हवा आणि अक्षर मोठंच हवं. लहान ए लिहिला किंवा कंसाआधी एक जागा सुटली, तर तो साधा मजकूर धरला जातो.

याच कारणाने नव्या लोकांना एक विचित्र अडचण येते: पहिल्या ओळीचा ए दिसतोय, पण ॲप तो मानत नाही, बाकीच्या ओळींचा मानतं. दोष ओळीत नसतो. फाइल युनिकोडमध्ये म्हणजे यूटीएफ-८ मध्ये साठवताना जुनं नोटपॅड सुरुवातीला तीन बाइटची एक अदृश्य खूण घालत असे. तिला बीओएम म्हणतात. डोळ्याला ती दिसत नाही, पण ॲपच्या हिशेबी पहिल्या ओळीची पहिली जागा त्या खुणेने अडवलेली असते, कंस दुसऱ्या जागी जातो. मे २०१९ च्या विंडोज १० पासून नोटपॅड नव्या फाइल बीओएमविना यूटीएफ-८ मध्येच साठवतं. त्याआधी तर इशारा न वाचता 'सेव्ह' केलं की फाइल एएनएसआय नावाच्या जुन्या संकेतात जायची आणि सगळं मराठी प्रश्नचिन्हांत बदलायचं. तुमचा लॅपटॉप जुना असेल तर नोटपॅड प्लस प्लस घ्या आणि एन्कोडिंगच्या मेनूत नुसतं 'यूटीएफ-८' निवडा, 'यूटीएफ-८-बीओएम' नाही. एकदाच करायचं आहे.

मराठीतला दुसरा घोळ शोधण्याचा, आणि हा मराठी माणसाखेरीज कुणी सांगणार नाही. 'बँक' हा शब्द लॅपटॉपवर एका कीबोर्डने चंद्रबिंदू देऊन लिहिला जातो, फोनवर दुसऱ्या कीबोर्डने ब वर अर्धचंद्र आणि मग वेगळा अनुस्वार देऊन. पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात, पण आत अक्षरांचे संकेत वेगळे. एक शोधला की दुसरा सापडत नाही. तीच गत 'ॲडव्हान्स'मधल्या ॲ ची: तो एकसंध अक्षर म्हणूनही येतो आणि अ वर अर्धचंद्र देऊनही. 'दुसऱ्या', 'बऱ्याच' यांतला ऱ्य तर आणखी फसवा. काही कीबोर्ड त्यासाठी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, काही साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर काडीचाही फरक नाही. आडनावात ऱ्य किंवा ऱ्ह असलेले क्लायंट तुमच्याकडे असणारच, आणि त्यांची ओळ शोधात गायब झाली की आधी तुम्ही ॲपला दोष द्याल.

उपाय सोपा आहे. वाक्य मराठीत हवं तसं लिहा, पण प्रकल्प आणि संदर्भ यांच्या खुणा अशा शब्दांच्या ठेवा ज्यांत ही अक्षरं येत नाहीत. '+बँक' नको, '+कर्ज' चालेल. आडनावाऐवजी धंदा किंवा गाव लिहा: '+हार्डवेअर', '+सिन्नर'. खुणेत मोकळी जागा चालत नाही, दोन शब्द हवे असतील तर मध्ये जोडरेघ द्या. देवनागरी खुणा नियमांना मान्य आहेत. नियम फक्त 'जागा नसलेली कुठलीही अक्षरं' एवढंच सांगतात. काहीजण खुणा रोमनमध्ये ठेवतात. चालेल, पण मग ओळ लिहिताना दर वेळी कीबोर्ड बदलावा लागतो आणि आठवड्याभरात खुणा लिहिणंच सुटतं.

आता सॉफ्टवेअर. लॅपटॉपवर स्लीक घ्या. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि मुदत, संदर्भ, प्रकल्प यांनुसार गाळून दाखवतं. ते आवडलं नाही तर नुसतं नोटपॅड प्लस प्लससुद्धा पुरे आहे. शोध आणि ओळींची क्रमवारी तेवढी त्यात आहे. टर्मिनलवरची मूळ स्क्रिप्ट मला प्रिय आहे, तिच्यात एका शब्दात ओळ जोडता येते आणि एका शब्दात यादी मिळते, पण तुम्ही टर्मिनल एरवी उघडत नसाल तर केवळ यासाठी उघडू नका. अँड्रॉइडवर मार्कोर हे मजकूर संपादक ही फाइल ओळखतं.

फोन आणि लॅपटॉप यांच्यात फाइल एक ठेवायला ड्रॉपबॉक्स चालतं. क्लायंटची माहिती बाहेरच्या सर्व्हरवर नको असेल तर सिंकथिंग, जे दोन्ही यंत्रांत थेट देवाणघेवाण करतं. त्याचं मूळ अँड्रॉइड ॲप २०२४ च्या अखेरीस बंद झालं, पण इतरांनी चालवलेल्या आवृत्त्या आहेत. तुम्ही याच भीतीने विचारलंय म्हणून सांगतो: वंडरलिस्ट हे कामांच्या याद्यांचं ॲप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये घेतलं आणि ६ मे २०२० ला बंद केलं. तसंच ॲस्ट्रिड हे ॲप याहूने मे २०१३ मध्ये घेतलं आणि त्याच ऑगस्टमध्ये संपवलं. त्या वेळी लोकांना याद्या दुसरीकडे हलवत बसावं लागलं. सिंकथिंगचं ॲप बंद झालं तेव्हा मजकूर फाइलवाल्यांना फक्त फाइल पोचवणारा बदलावा लागला, यादीतलं एक अक्षरही हललं नाही.

सिंकमध्ये एकच धोका आहे: फोनवर आणि लॅपटॉपवर एकाच वेळी फाइल बदलली तर दोन प्रती तयार होतात. ड्रॉपबॉक्स दुसऱ्या प्रतीला 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' असं नाव देतं, सिंकथिंग नावात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' घालतं, आणि तुम्ही फोल्डर उघडून बघितलं नाही तर तुम्हाला ते कळतही नाही. त्यावर माझी पद्धत अशी की फोनवर मुख्य फाइल फक्त वाचायची, लिहायची नाही. फोनवर लिहायला 'आवक' नावाची वेगळी फाइल. रस्त्यात, क्लायंटच्या दुकानात, जिथे जे आठवेल ते तिच्यात, अक्षर-खुणांची फिकीर न करता. संध्याकाळी लॅपटॉपवर बसलात की आवक रिकामी करायची: प्रत्येक ओळीला क्रियापद, खूण, तारीख लावून मुख्य फाइलमध्ये. जे नोंदवहीचं आहे ते नोंदवहीत. जे नको ते खोडून.

फाइल किती मोठी होईल ही काळजी सोडा. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, म्हणजे इंग्रजीच्या तिप्पट, तरी एक ओळ साधारण दीडशे-दोनशे बाइट. हजार ओळी झाल्या तरी फोनच्या एका फोटोपेक्षा लहान. झालेली कामं मात्र मुख्य फाइलमध्ये साठू देऊ नका. ती 'डन' नावाच्या शेजारच्या फाइलमध्ये हलवायची रीत आहे, स्लीकमध्ये त्यासाठी एक बटण आहे. ती फाइल कधी पुसू नका. 'आमचं काम तुम्ही कधी केलंत?' असं कुणी वर्षभराने विचारलं की प्रकल्पाची खूण शोधा, त्या क्लायंटचं सगळं वर्ष तारखांसह समोर येतं. बिल काढतानाही हेच. पोचपावतीचा क्रमांकही कोलन लावून ओळीत ठेवता येतो, पण मूळ पावती तुमच्या फाइलिंगमध्ये हवीच.

एक गोष्ट बजावून सांगतो. ही फाइल उघडी असते, तिला कुलूप नाही. पोर्टलचे पासवर्ड, ओटीपी येणारे मोबाइल नंबर, पॅन, खाते क्रमांक यांतलं काहीही तिच्यात लिहायचं नाही, 'फक्त आजच्यापुरतं' म्हणूनही नाही. 'डन' फाइलमध्ये आजच्यापुरतं कायमचं होतं. पासवर्डसाठी पासवर्ड मॅनेजर वापरा. लॅपटॉपच्या डिस्कचं एन्क्रिप्शन चालू करा आणि फोनला पिन ठेवा. क्लायंटच्या पूर्ण नावाऐवजी '+हार्डवेअर' लिहायचं हेही एक कारण आहे.

फाइल वाजत नाही, हेही लक्षात ठेवा. सुनावणी साडेअकराला असेल तर ती यादीत लिहून तुम्हाला कुणी आठवण करणार नाही. ज्याला ठरलेली वेळ आहे ते फोनच्या कॅलेंडरमध्ये, ज्याला फक्त मुदत आहे ते फाइलमध्ये. काही ॲप 'ड्यू' बघून सूचना देतात. त्यावर विसंबून सुनावणी ठेवू नये.

आठवड्यातून एकदा, शनिवारी बरं पडतं, सगळी फाइल वरून खाली वाचा. जी ओळ महिनाभर हललेली नाही तिच्यात क्रियापद चुकलेलं असतं किंवा ते काम तुम्हाला करायचंच नसतं. पहिलं असेल तर नवी ओळ लिहा, दुसरं असेल तर खोडा.

राहिली मदतनीस. फाइल दोघींनी मिळून वापरली की दोन प्रतींचा घोळ रोजचा होतो, आणि कोणी काय खोडलं याची नोंद राहत नाही. मजकूर फाइल एका माणसाची असते. वाटून घ्यायची आहे ती नोंदवही: गूगल शीट दोघींना उघडं राहू द्या, रकाने तिने भरायचे, रिकामे चौकोन तुम्ही बघायचे. तिला दिलेलं काम तुमच्या फाइलमध्ये '@वाट'ची ओळ म्हणून राहील, तिच्या नावाचं आद्याक्षर लावून. तिला स्वतःची यादी हवी असेल तर तिने कागदावर ठेवावी की फाइलमध्ये, ते तिचं तिला ठरवू द्या. पुढे माणसं तीन-चार झाली आणि कामं एकमेकांकडे जाऊ लागली, तर मात्र टीमसाठीचं सॉफ्टवेअर घ्या. तिथे मजकूर फाइलचा हट्ट धरू नये.

जुन्या ॲपमधली कामं आणायची का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. आणू नका. बहुतेक ॲप सगळं एका फाइलमध्ये बाहेर काढून देतात. ती फाइल त्याच फोल्डरमध्ये 'जुनं' नावाने ठेवा. एका संध्याकाळी ती बाजूला उघडून फक्त या महिन्यात हात लावावा लागेल अशी कामं नव्याने, क्रियापदासह, स्वतःच्या हाताने लिहा. उरलेल्यातलं एखादं लागलंच तर शोधून सापडेल.